आमचं आढं कोणी चोरेना

आमच्या उंटररीड गावात घर बांधणाऱ्याचं आढं चोरीला गेलं नाही, तर त्या घराची पायरी पुढे कोणी चढत नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण चढत नाही हे खरं. छपराच्या शेंड्यावर बसतं ते लांबलचक लाकूड म्हणजे आढं. ते वर चढायच्या आत गावातल्या कोणीतरी ढापायचं, लपवायचं आणि मालकाने बिअर पाजून, जेवू घालून ते सोडवून आणायचं. ज्याचं चोरलं तो आपला. ज्याचं नाही चोरलं त्याला गाव 'ग्रुस गॉट' असा वरवरचा नमस्कार घालतं, हसतं आणि पुढे जातं. आढं चढवायला क्रेन यायची सोमवारी, आणि शनिवार उजाडला तरी माझं आढं रस्त्याच्या कडेला जसंच्या तसं लोळत पडलेलं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

दोष कोणाचा म्हणाल तर माझा. आणि खुशाल म्हणा, मी परत तेच करीन!

मी बुर्गी. दोन डोंगरांपलीकडून या गावात सून म्हणून आले. नवरा क्विरीन दूध डेअरीत कामाला, स्वभावही दुधासारखाच, जरा आच वाढली की वर येतो आणि लगेच बसतो. सासरे लिओनहार्ड. घरं ऊबदार ठेवणाऱ्या टाइल्सच्या भट्ट्या लावण्यात त्यांचा जन्म गेला, आता खानावळीत बसून पत्ते खेळतात. त्यांचा पत्त्यातला भिडू हिंटरहोल्झर हा गावचा कंत्राटदार. पायापासून किल्लीपर्यंत सगळं घर तो एकटा अंगावर घेतो आणि गावातली बहुतेक घरं त्यानेच बांधलीत. आमच्यासाठी त्याने एक आकडा सांगितला. मी हसले. बारीकसं नाही, चांगलं खदखदून, त्याच्या तोंडावर!

"मी प्रत्येक काम वेगवेगळं देणार," मी म्हणाले. "बांधकाम एकाला, नळ दुसऱ्याला, वायरिंग तिसऱ्याला, छप्पर चौथ्याला. करार माझे, देखरेख माझी."

सासऱ्यांनी हातातले पत्ते पालथे ठेवले. "बांध मग. छप्पर चढलं तर मला कळव."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी अबोला धरला. राहायला आम्ही त्यांच्याच घरात, ते खाली, आम्ही वर. जेवायला एकाच टेबलावर. "क्विरीन, तिला सांग मीठ दे." मीठ माझ्या कोपराशी, आणि मी त्यांच्यासमोर! क्विरीन बिचारा टेबलाला वळसा घालून यायचा आणि मीठ नेऊन द्यायचा.

तर घेतलं काम अंगावर. आणि देवा रे देवा, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही! गिर्गल गवंडी आला की प्लंबर नाही, प्लंबर आला की भिंतच नाही. प्लंबर फेर्डी आणि वायरिंगवाली ट्राउडल यांचं तर विळ्याभोपळ्याचं सख्य. न्हाणीघराच्या भिंतीत एकच झिरी मारायची होती. फेर्डी म्हणाला, आधी माझा पाइप. ट्राउडल म्हणाली, "तुझा पाइप घाल तुझ्या डोक्यात, आधी माझी वायर." दोघंही निघून गेले. झिरी शेवटी मी मारली, आणि ती चुकीच्या भिंतीत मारली. वीटुस सुतार त्यातल्या त्यात गरीब, पण त्याला फोनवर बोलायचा कंटाळा. मी विचारायचे, "वीटुस, लाकूड कधी?" तो म्हणायचा, "हं." आता यातून तारीख कशी काढायची?

सगळा हिवाळा मी कानाला फोन लावून वरच्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. सकाळी कॉफीआधी गिर्गल, कॉफीनंतर फेर्डी, आणि ट्राउडल दिवसातून दोनदा, कारण पहिल्या फोनला ती भांडायची आणि दुसऱ्याला कामाचं बोलायची. चौघांना एका दिवशी एका जागी आणणं मला एकदाही जमलं नाही. पण भिंती चढल्या हो! स्लॅब पडला, वायरी धावल्या, नळ वळले. माझी मी इतकी खूष होते की उघड्या जिन्यावरून गाणी म्हणत वर-खाली करायचे आणि क्विरीन खालून ओरडायचा, "कठडा नाहीये अजून, बये!"

मग वीटुसने आढं आणून टाकलं आणि माझी झोप उडाली.

चोरणार कोण? गाव हिंटरहोल्झरच्या बाजूचं, सासरे अबोल्यात. तरी मी हातपाय हलवले. आढं मुद्दाम रस्त्याकडेला सरकवून घेतलं. वरची ताडपत्री काढली. बेकरीत पाव घेताना मोठ्याने म्हणाले, "आमचं आढं बाई अगदी उघड्यावर पडलंय. राखायलासुद्धा कोणी नाही!"

बेकरीवाली म्हणाली, "झाका हो, भिजेल. अजून काही देऊ?"

अग्निशमन दलाच्या पोरांना सांगितलं, शनिवारी आम्ही घरी नाही. ती म्हणाली, "मजा करा." आम्ही खरंच गाडी काढून तळ्यावर जाऊन बसलो, गार वाऱ्यात कुडकुडत. परत येऊन बघतो तर आढं आहे तिथेच आणि वर शेजाऱ्यांचं मांजर झोपलेलं.

"मीच चोरू का?" क्विरीन म्हणाला. "कोणाला कळणार नाही."

"स्वतःचं आढं स्वतःच? शरम वाटते का काही? आणि सोडवणार कोणाकडून, तुझ्याकडून? तुला तर रोजच जेवायला घालते!"

तो हसला. मग मला रडू फुटलं आणि तो हसायचा थांबला. "अगं, छप्पर तर चढेलच ना," तो म्हणाला.

"छप्पर चढेल रे, पण घरात येणार कोण?" मी म्हणाले. "आपली पोरं होतील, ती या गावात खेळणार कोणाशी? तुझा बाप याच गावात राहून येणार नाही. सगळं वेगवेगळं देता देता मीच वेगळी पडले."

रविवारी सकाळी चर्चमध्ये गेलो. सासऱ्यांची जागा रिकामी. ताप असो, बर्फ असो, त्यांचा रविवार चुकत नाही. मी मनाशी म्हटलं, झालं, उद्या छप्पर चढणार म्हणून म्हाताऱ्याने देवाशीही अबोला धरला. पाद्रीबाबा नेमके परधनाच्या लोभावर बोलत होते. मला वाटलं, ओरडून सांगावं, अहो पाद्रीबाबा, आजच्या दिवस तेवढं नका ना सांगू!

चर्च सुटल्यावर आम्ही नव्या घरावरून निघालो. वळणावर आलो आणि मी थांबले. गवतावर एक लांबच लांब पिवळा पट्टा उरलेला, आणि आढं नाही.

"गेलं!" मी किंचाळले. "क्विरीन, गेलं रे! आपल्याकडे चोरी झाली!" रविवारचे बूट घालून मी चिखलात गिरकी घेतली, त्याच्या गळ्यात पडले, त्याची टोपी आभाळात भिरकावली. रस्त्याने जाणाऱ्या बेकरीवालीने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "लुटलं हो आम्हाला, लुटलं!" आणि तिला मिठी मारली. बाई घाबरून हात सोडवून सटकली.

मग तडक खानावळ. चर्चनंतर सगळं गाव तिथेच असतं, चोरही तिथेच असणार. दार ढकललं आणि मी जागच्या जागी खिळले. मधल्या मोठ्या टेबलावर गिर्गल, फेर्डी, ट्राउडल आणि वीटुस. चौघं एका बाकावर! फेर्डी आणि ट्राउडल तर खांद्याला खांदा लावून.

"तुम्ही?" मी म्हणाले. "सगळा हिवाळा जीव काढला मी, एका दिवशी एकत्र या म्हणून! आणि आलात ते माझं लाकूड चोरायला?"

"वेळेवर आलो की नाही, ते सांग," ट्राउडल म्हणाली.

खानावळ खो-खो हसली. हसता हसता मला हुंदका आला. तो गिळून मी पदरची अक्कल गोळा केली आणि कमरेवर हात ठेवले. "बोला. सगळ्यांना मिळून एक पिंप बिअर, आणि आढं परत."

"मिळून?" गिर्गल दचकल्याचं सोंग करत म्हणाला. "बुर्गी, हे काय बोलतेस? प्रत्येकाशी वेगळा करार, हे तुझंच ना? माझं एक पिंप, फक्त माझं."

"मला भाजलेलं डुक्कर आणि बटाट्याचे उकडलेले गोळे," फेर्डी म्हणाला. "रस्सा भरपूर. आणि ट्राउडलला माझ्या शेजारी बसवायचं नाही."

"मला बॅन्ड," ट्राउडल म्हणाली. "आणि आधी मी, मग हा."

"वीटुस, तुझं काय?"

"हं," वीटुस म्हणाला.

"सुतारच चोर, आणि वर हं!" मी एकेकाला धरलं. गिर्गलचं पिंप अर्ध्यावर आणलं, बॅन्डच्या जागी अग्निशमन दलाची दोन कर्णेवाली पोरं कबूल करून घेतली. गोळ्यांवर मात्र फेर्डी हटेना. तेवढ्यात मला काहीतरी खटकलं. "थांबा. तुमच्या चौघांच्या गाड्या छोट्या. एवढं लांब लाकूड नेलं कशातून?"

चौघांनी एकदम आपापल्या ग्लासात बघितलं.

"माझ्या ट्रॅक्टरवरून," मागून आवाज आला.

पत्त्यांच्या टेबलावरून सासरे उठले होते. त्यांच्यासमोर हिंटरहोल्झर हातातले पत्ते तसेच धरून आ वासून बसला होता. "लाकूड माझ्या गोठ्यात आहे," ते म्हणाले. "तुझ्याच खिडकीखाली." क्विरीनकडे न बघता, सरळ माझ्याकडे बघून म्हणाले. "आणि माझा करार अजून व्हायचाय."

मी कमरेवरचे हात खाली घेतले.

"सगळा हिवाळा माझ्या डोक्यावर तुझा आवाज," ते म्हणाले. "गिर्गलला शिव्या, फेर्डीला शिव्या, हिला तर दोनदा. सगळ्या जिल्ह्याला काम दिलंस. जन्मभर भट्ट्या लावल्या मी, आणि माझ्या मुलाच्या घरातली भट्टी कोण लावतंय ते मला बेकरीत विचारावं लागतं?"

"कोणीच लावत नाही, बाबा. कोणाला दिलीच नाहीये."

"का?"

"तुम्हाला विचारायचा धीर नव्हता," मी म्हणाले. "सगळ्या जिल्ह्याला फोन केले, पण एक जिना उतरून खाली यायला पाय धजत नव्हते."

त्यांनी मान खाली घातली. "मीही चढलो नाही," ते हळूच म्हणाले. मग घसा खाकरून एकदम आवाज चढवला, "आता विचार की! गाव बसलंय, विचार!"

"बाबा, आमची भट्टी लावाल?"

"देणार काय?"

"देणार काय म्हणजे? घरचंच काम ना?"

"वा! यांना पैसे आणि मला घरचंच? फुकट नाही करणार!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. मीठ आठवलं, त्या सगळ्या गप्प जेवणांची चीड वर आली. "फुकट कोण मागतंय? इतरांना दिलं तेच देईन, पण इतरांसारखंच ऐकूनही घ्यायचं! गिलावा व्हायच्या आत भट्टीचा पाया हवा. टाइल्स मी निवडणार. आणि एक दिवस जरी उशीर केलात ना बाबा, तर सासरा-बिसरा काही बघणार नाही, इथे गावासमोर उभं करून बोलेन!"

क्विरीनने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं, जोडलेलं सगळं मीच पुन्हा तोडलं.

सासरे हिंटरहोल्झरकडे वळले आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "ऐकलंस का रे? ही माझी सून."