ताटावरून उठू नये

"हिचं नाव पटावरनं काढा बाई. पोरगी शिकाया धाडली, तुम्ही भाकऱ्या थापाया लावता," शेषेराव अंगणवाडीच्या दारातूनच कडाडले.

अंगणवाडी चालवणाऱ्या चांगुणाबाईंचा आवाज एरवी चाकूरच्या बसस्टँडापर्यंत जायचा, पण आज त्यांनी तो चढवला नाही. म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्यांची नात आरती चार वर्षांची झाली, तरी घराबाहेर मिठाची गुळणी धरून बसायची. गाणी झाली, चित्रं झाली, रंग झाले. शेवटी बाईंनी कोपऱ्यात भातुकली मांडली. तिथे आरती रमली, पण बोलली नाहीच.

"खाजगी शाळेत टाकतो. दोन रट्टे बसले की बोलंल."

हे पोर मार खाऊन कायमचं मिटेल, याची बाईंना खात्री होती.

"न्या आबा. पर नातीच्या चुलीवर सैपाक झालाय. चार घास खाऊन तर जावा."

शेषेराव नाइलाजाने पाटावर टेकले. शेजारी अंगणवाडीतला शिवम आधीच जेवायला बसला होता. पाहुणे दोन आणि वडाच्या पानाची भाकर एकच उरलेली. आरतीने पान मधोमध फाडलं, दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले आणि मोठा आजोबांना वाढला. वर मातीचं वरण ओतलं.

शेषेरावांनी ताटलीला बोट लावलं. "झालं, भरलं पोट," म्हणत उठायला लागले.

"आबा! ताटावरून उठू न्हाई! गरिबाघरचं ग्वाड लागंना व्हय?"

आरतीच बोलली होती. वाक्य शेषेरावांचंच होतं. दारी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते असंच दटावत, याच ठसक्यात. पोरीने सगळं ऐकून साठवून ठेवलं होतं.

म्हातारा पुन्हा पाटावर बसला. चांगुणाबाईंना नाचावंसं वाटत होतं, पण पाहुणा जेवत होता, म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मीठ कमी हाय का?" आरतीने विचारलं.

"न्हाई माय. लई झ्याक झालंय." शेषेरावांनी बोटं चाटल्यासारखं केलं. "उद्या बी येऊ का जेवाया?"

"या. पर येताना सरपण आणा."

दुसऱ्या दिवशी शेषेराव नातीला घेऊन सगळ्यांच्या आधी आले. काखेत तुराट्यांची वीतभर मोळी होती, नीट सुतळीने बांधलेली.