हेलेना दगडू चौगुले

अबुधाबीच्या विमानतळावर माझ्या आईला बघून हमाल धावतच आला. "मॅडम, धिस वे!" नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, वर गोरीपान कातडी आणि निळे डोळे. आई म्हणाली, "सरक बाजूला, पिशवीत लोणच्याची बरणी हाय."

बरणी वाचली. जळलो मी. मी तिच्याच पोटचा, पण वडिलांच्या रंगावर गेलेला. या देशात इतकी वर्षं काढली, मला कुणी 'सर, धिस वे' म्हटलं नाही. मला म्हणतात, 'उधर, लाइन में.'

आई पोलंडची. महायुद्धात रशियानं तिच्या गावची माणसं गाडीत कोंबून सैबेरियात नेऊन टाकली. त्यातून जगली वाचली ती बायकापोरं फिरत फिरत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात आली. त्यात ही एक, आईबाप मेलेली. कॅम्पात ट्रक चालवणाऱ्या माझ्या वडिलांशी तिनं लग्न केलं. बाकीचे परत गेले, ही राहिली. हेलेनाची मनोरमा झाली. आम्हाला एवढंच माहीत. जास्त विचारलं की म्हणायची, "गेलं त्ये गेलं. भाकरी खा."

मीही कधी खोदून विचारलं नाही. पण २००३ साली आमच्या बांधकामाच्या कन्सल्टन्सीत तोमाश आला.

तोमाश पोलंडचा. माझ्याच शेजारच्या टेबलावर, माझंच काम. बीम कुठून कुठं जातो ते मला विचारायचा आणि पगार माझ्या दुप्पट घ्यायचा. इथं पगार हाताला मिळत नाही, पासपोर्टला मिळतो. सगळ्यांना ठाऊक असतं, सगळे गप्प बसतात. व्हिसा रिन्यू करायचा असतो ना.

माणूस मात्र वाईट नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी आईबद्दल बोललो, तर त्याच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

"तुझी आई पोलिश? अरे, मग तूही असशील, दौलत! पुढच्या वर्षी आम्ही युरोपियन युनियनमध्ये जातोय. फक्त प्रूव्ह करायला पाहिजे."

आणि पूर्वज शोधणं हाच त्याचा छंद निघाला. आपल्याकडे हेळवी येतो, बैल घेऊन, दारात बसून सात पिढ्यांची नावं म्हणून दाखवतो आणि पायलीभर धान्य घेऊन जातो. हा तसला पोलंडचा हेळवी, फक्त बैलाच्या जागी कॉम्प्युटर. इंटरनेटवर कुठल्या कुठल्या म्हाताऱ्यांना गाठायचा, चर्चला पत्रं घालायचा. आईचं गाव आता युक्रेनात गेलेलं, पण चर्चचं दप्तर वॉर्सात होतं. तिथं त्याची मावशी जाऊन बसली.

मी घरी जाहीर करून टाकलं, "युरोपचा पासपोर्ट येणार. इन्शाल्ला, मीपण गोरा होणार."

सुनेत्रा, माझी बायको, चपाती लाटत म्हणाली, "आधी आरशात बघून या."

एका शुक्रवारी तोमाश घरीच आला. आईच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची झेरॉक्स मिळाली होती. आई त्याच्यापुढं पोहे ठेवून मांडी घालून बसली. त्यानं वाचलं, "हेलेना. वडील योझेफ सोबचाक, सुतार. आई मारिया."

आई पोलिशमध्ये काहीतरी म्हणाली. घरात ती भाषा आम्ही पहिल्यांदा ऐकली. मिहिका, माझी पोरगी, माझ्या कानात म्हणाली, "पप्पा, व्हॉट डिड शी से?"

तोमाशनं सांगितलं, "पुन्हा वाच म्हणतात."

त्यानं तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा आईनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, जमलं. रक्त जागं झालं, आता अडचण नाही.

कारण अडचण एकच होती. चर्चच्या नोंदीत हेलेना, बाप योझेफ. कोल्हापूरच्या लग्नाच्या दाखल्यात मनोरमा, बाप दगडू चौगुले. दगडू हा वळिवड्याचा गवळी, कॅम्पात दूध घालायचा. लग्नात कन्यादान करायला कुणी नाही म्हटल्यावर तो आणि त्याची बायको ठकुबाई पाटावर बसले. त्या दिवसापासून चौगल्यांचं घर आईचं माहेर. आता दोन कागद जोडायचे, तर आईनं एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची: दगडू चौगुले माझे वडील नव्हेत, फक्त लग्नापुरते उभे राहिले होते.

तोमाश गेला तसा मी कागद आणि पेन पुढं केला. मराठीत वाचून दाखवलं.

आई म्हणाली, "लग्नापुरतं? तुझ्या येळंला बाळंतपण कुणी केलं? ठकूआईनं. दर पंचमीला न्यायला कोण यायचं? हेळवी आला की चौगल्यांच्या लेकीत माझं नाव घेतोय, ठावं हाय का तुला?"

"अगं आई, नुसता कागद आहे! खरा बाप कोण ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे."

"खरा? योझेफला मी बर्फात पुरलाय, माझ्या हातानं. दगडूला मी खांदा द्यायला निघालेली, बायामाणसांनी धरून ठेवली. ह्यातला खोटा कंचा, सांग."

"मग मी जन्मभर अर्ध्या पगारावर राबू? त्या पोरीच्या कॉलेजचं काय?"

"तुला पगारासाठी बाप बदलायचा हाय व्हय रं? मग तुझा बदल. माझा न्हाई."

सुनेत्रा तोंडात पदर घालून हसली. मी चिडून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. बाहेर असली उकाड्याची भट्टी, की राग दोन मिनिटांत घामात वाहून गेला. परत आलो.

"आत्या, थोडंसं तरी बघा," सुनेत्रा तिला समजावत होती.

"बगितलं. मी सही करत्ये. पण बापाच्या जागी दोगं ल्हिवा."

"अर्जात बापाला एकच रकाना आहे गं!"

"मग बारीक ल्हिव."

मी लिहिलं. अर्जावर, त्या एका रकान्यात, बारीक अक्षरात: योझेफ सोबचाक, दगडू चौगुले. प्रतिज्ञापत्र फाडलं. आईनं टेचात सही केली, आधी पोलिशमध्ये, मग पाटीवर गिरवावी तशी मराठीत.

रविवारी, इथं तो कामाचा दिवस, पोलंडच्या दूतावासात खिडकीतल्या पोरीनं अर्ज बघितला, दाखला बघितला. आईकडे बघून गोड हसली. मला म्हणाली, "सर, एकच वडील लिहावे लागतील."

इथं पहिल्यांदा कुणीतरी मला 'सर' म्हटलं.

"दोनच आहेत," मी म्हणालो.

"मग फाइल पुढं जाणार नाही, सर."

"नाही गेली तर नाही गेली."

मी अर्ज परत घेतला. आई खुर्चीवरून उठून पोरीशी पोलिशमध्ये बोलत होती, बोट माझ्याकडे. पोरगी हसून हसून लाल झाली. काय सांगितलंस म्हणून विचारलं, तर सांगेना.

टॅक्सीत बसल्यावर म्हणाली, "झालं?"

"खलास."

"बरं. मग त्या मोठ्या दुकानात चल. तोमाशला म्हटलंय, पुढच्या शुक्रवारी तांबडा-पांढरा रस्सा करत्ये. बारकं हाय बिचारं, आई लांब त्येची."