जयपालच्या दगडातला पैलवान

तासगावच्या जयपालनं घरात समुद्र आणला, असं मी सांगितलं की लोक म्हणतात, तात्याबा सुरू झाला. पण बेदाण्याच्या या व्यापाऱ्यानं सोफा माडीवर चढवला आणि त्याच्या जागी काचेची टाकी बसवली, हे खरं आहे. आत खारं पाणी, थोड्या गोगलगायी आणि नारंगी माशांची जोडी. त्या जोडीवर जयपालचा एवढा जीव, की सौदा ऐन रंगात असताना घरी फोन लावून विचारायचा, "जेवले का?" समोरच्या व्यापाऱ्याला वाटायचं, पाहुणे आलेत.

पाणी स्वच्छ राहावं म्हणून त्यानं सांगलीच्या सन्मतीच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून 'जिवंत दगड' मागवला. जिवंत म्हणजे दगड चालत नाही. त्याच्या भोकाभोकांत समुद्रातले बारके जीव राहतात आणि टाकीतली घाण खातात. पण या दगडात बारक्यांबरोबर एक थोरला आला होता. टाकीतल्या गोगलगायी नाहीशा होऊ लागल्या, फुटके शंख तळाला पडू लागले आणि दगडातून आवाज येऊ लागला, टक्क! शेजारीण दार वाजलं समजून "कोण हाय?" म्हणत उठायची. तिचे गुडघे त्याच आठवड्यात दुखायला लागले.

जयपालची आई आक्काताई. पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी म्हातारी. त्यात चातुर्मास चालू. फुटका शंख बघून तिनं ताट बाजूला सारलं.

"माझ्या घरात हत्या चाललीया. कोण हाय त्यो, हुडीक आन् जित्ता भायेर काढ. न्हाई निघाला तर टाकी भायेर. तवर मी जेवणार न्हाई."

जयपालनं मला कुंडलहून बोलावून घेतलं. मी फौजेत असताना अंदमानात होतो आणि तिथले निम्मे जलचर मला नावानं ओळखतात, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे.

"तात्याबा, काय असंल रं?"

"मगरीचं पिल्लू," मी म्हणालो.

"दगडात?"

"लहान मगर असती."

जयपालचा विश्वास बसला नाही. त्यानं दगडाचा फोटो काढून द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर टाकला, कारण त्याच्याकडं तेवढाच एक ग्रुप होता. लगेच उत्तरं आली. एकानं लिहिलं, मिलीबग हाय, सालीखाली बघा. दुसरा म्हणाला, हुमणी, शेणखतातनं आली असंल. तिसऱ्यानं फवारणीचं औषध कळवलं आणि विचारलं, छाटणी कवा घेतली?

सन्मतीला फोन लावला. तो म्हणाला, "दगड काढून गोड्या पाण्यात बुडवा. एकतर पळतंय, न्हाईतर मरतंय."

फोन स्पीकरवर होता. आतून आक्का कडाडली, "मरतंय म्हणाला का त्यो?" जयपालनं घाबरून फोन उशीखाली घातला. उशीतून सन्मती बराच वेळ "हॅलो, हॅलो" करत होता.

मग मी हुमणीचा इलाज केला. उसात हुमणीचे भुंगेरे धरायला आपण रात्री दिवा लावतो, तसा खिडक्या लावून, पडदे ओढून टाकीवर बल्ब टांगला आणि राखण करत बसलो. कोणी आलं नाही. दुपार कलली. आक्का उपाशीच जपमाळ घेऊन दारात बसली होती, आणि तिच्या मण्यांगणिक जयपालचा चेहरा उतरत होता.

तेवढ्यात लाइट गेली. आणि अंधार होताच दगडातून दोन डोळे बाहेर आले. काड्यांवर बसवल्यासारखे. एक जयपालकडं बघत होता, दुसरा माझ्याकडं. मागून हिरवं अंग आलं, पुढं दोन हात मुठी वळल्यासारखे दुमडलेले. जयपालनं फोटो काढून सन्मतीला पाठवला.

"मॅन्टिस श्रिंप!" सन्मती फोनवर ओरडला. "कोळंबीच्या जातीतला पैलवान. ठोसा मारून शंख फोडतोय. काच बी फोडंल!"

"उजेडाला भितोय गड्या," मी म्हणालो, "आन् आपण बल्ब लावून बसलोय!"

मग आंब्याच्या बागेत फळमाशीला लावतो तसा सापळा केला. पाण्याची बाटली वरून कापली, तोंड उलटं करून आत बसवलं. जीव आत शिरतो, परत येताना वाट सापडत नाही. आमिषाला मांस नको, आक्काचं घर. बाटली टाकीत दगडाशी ठेवताना मी आत जयपालच्या खिशातला बेदाणा टाकला. काळा, सुरकुतलेला. पैलवानाला ती गोगलगाय वाटली. तो बाटलीत शिरला आणि बेदाण्याला असा ठोसा घातला की त्याचं सरबत झालं.

"आक्का, धरला!" जयपाल नाचायला लागला. त्यानं पाहुण्याला खाऱ्या पाण्यासकट लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत ओतलं. टक्क! बरणीला चीर गेली. मग स्टीलच्या डब्यात ठेवलं. डबा देवळातल्या घंटेसारखा वाजू लागला. गल्लीतल्या दोघांनी हात जोडले.

आक्का वाकून बघत म्हणाली, "आता ह्याला सोडायचं कुठं?"

"कृष्णेत," मी म्हणालो.

"गोड्या पाण्यात मरतंय म्हणाला न्हवं त्यो? मग समुद्रात सोडायचा. सोडला की टाकीचं बघू."

आक्का चार घास खाऊन घेते तोवर मी जीप काढली, आणि आम्ही तिघं निघालो. आंबा घाटात प्रत्येक वळणाला डबा वाजायचा आणि पुढचा ट्रक हॉर्न समजून बाजू द्यायचा. एवढ्या लवकर रत्नागिरी मी जन्मात गाठलेली नाही.

अंधारात पाण्यात उतरायला नको म्हणून रात्र जीपमध्येच काढली. सकाळी किनाऱ्यावर एक कोळी जाळं झटकत होता. आक्कानं गुडघाभर पाण्यात उभं राहून डबा उघडला. पैलवान बाहेर पडला, जाताजाता डब्याला एक ठोसा घातला आणि वाळूत दिसेनासा झाला.

कोळी हसला. "आजी, एवढ्यासाठी घाट उतरून आलात? असली रोज जाळ्यात येतात. आम्ही परत फेकतो."

"जित्ती?"

"मग काय! धरली तर बोट फोडतात."

आक्कानं पिशवीतल्या सगळ्या दशम्या त्याच्या ओंजळीत घातल्या. "जयपाल, बघ. ह्यो रोज सोडतोय." कोळी दशम्यांकडं बघत राहिला. एवढं कौतुक त्याचं लग्नातही झालं नसेल.

जयपालनं घसा खाकरला. "आक्का... टाकी?"

"राहू दे टाकी," आक्का पदर पिळत म्हणाली. "आता तिच्यात कोन बी निघू दे. रस्ता ठावा झालाय न्हवं?"

जयपालनं घाटाकडं पाहिलं, मग माझ्या जीपकडं, आणि मला म्हणाला, "तात्याबा, डिझेल भरून ठेवत जा."