गरम इंजिनावर ओतलेले पाणी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्या पोटाखाली ओळीने तीन चुली पेटल्या आहेत. त्या सतत भडकतात आणि विझतात, इतक्या भराभर की पापणी लवायलाही तेवढा वेळ पुरत नाही. तुमच्या अंगात बारीक वाटा कोरलेल्या आहेत. त्यांतून पाणी खेळते आहे, म्हणूनच तुम्ही जळून जात नाही. आणि वरून तुम्हाला लांब बोल्टांनी असे आवळले आहे की कूसही बदलता येत नाही. किती दिवस राहाल असे? मी कित्येक वर्षे राहिलो.

मी एक जुना सिलिंडर हेड आहे. गाडीच्या इंजिनाच्या डोक्यावर जो जाड धातूचा भाग बसतो, तो मी. आत पेट्रोल पेटते, त्याचा जोर बाहेर निसटू नये म्हणून मी झाकण होऊन बसतो. माझ्या आणि खालच्या इंजिनाच्या मध्ये पापडासारखी पातळ गास्केट असते. तेल, पाणी आणि आग यांना ती एकमेकांत मिसळू देत नाही. पण तिला हे काम जमायचे तर माझा तळ आरशासारखा सपाट हवा. केसाएवढी वाकडी जागा पडली तरी सगळे बिघडते.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. वितळलेले अॅल्युमिनियम साच्यात ओतले आणि मी घडलो. अॅल्युमिनियम हलके असते, चटकन तापते आणि चटकन निवते. पण त्याचा स्वभाव नाजूक असतो. बिडाचे लोखंड मार खाऊन गप्प बसते, अॅल्युमिनियम वाकते नाहीतर चिरते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे जे झाले ते याच एका गोष्टीमुळे झाले.

मला एका पांढऱ्या व्हॅनमध्ये बसवले. ती व्हॅन आधी गोव्यात, पेडण्याजवळच्या कोरगावात देवकीबाईंकडे होती. काजूच्या दिवसांत मागची सीट काढून त्या काजूफळांचे, म्हणजे बोंडूंचे, डबे भरत आणि पिकलेल्या बोंडूंचा आंबूस वास गाडीभर पसरे. चांगले दिवस होते ते. नंतर त्यांनी गाडी विकली, आणि मी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या गावात, यशवंतच्या दारात आलो.

यशवंत मूळचा सिंधुदुर्गातला. तरुणपणी खाणीवर आला आणि टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, चालवू लागला. खाणीतून नदीवरच्या धक्क्यापर्यंत खनिज न्यायचे, तिथून ते बार्जमधून, म्हणजे मोठ्या सपाट बोटींतून, मुरगाव बंदरात जाई. टिप्परांची लांबच लांब रांग लागे. रांगेत एखादे इंजिन तापले तर थांबून ते निववत बसायला कोणाला वेळ नव्हता. थांबला त्याची खेप गेली. म्हणून सगळे ड्रायव्हर एकच करत. बोनेट उघडायचे, पाण्याचा कॅन इंजिनावर उपडा करायचा आणि पुढे निघायचे. टिप्परची इंजिने बिडाची आणि आडदांड. ती बहुतेक वेळा सोसून घेत. त्यामुळे हीच रीत बरोबर, असे यशवंतच्या मनात पक्के बसले होते.

त्या खाणीने गावाचे दोन तुकडे केले होते. रस्त्यापलीकडे कृष्णनाथ राहत. त्यांच्या घराण्याची शेती तिथे पिढ्यान्‌पिढ्या होती. एका पावसाळ्यात खाणीचा लाल चिखल त्यांच्या भातशेतात उतरला आणि शेत कायमचे गेले. तेव्हा त्यांनी गावकऱ्यांना घेऊन रस्ता अडवला. त्या अडवलेल्या रस्त्यातून पहिला टिप्पर कोणी काढला असेल? यशवंतने. पुढे खाण बंद पडली. टिप्पर गेले, रस्त्याच्या कडेला गवत वाढले. पण दोन घरांमधला अबोला तसाच राहिला.

यशवंत मग व्हॅनने बाजाराचे भाडे मारू लागला. दसऱ्याला तो मला झेंडूची फुले वाहायचा. त्याची बायको पार्वती म्हणायची, "आमच्या घरातलां हेंच एक न कुरकुरणारां माणूस!" मला फार बरे वाटे.

पुढे पार्वतीची मूत्रपिंडे निकामी झाली. मूत्रपिंडे रक्त स्वच्छ करतात. ती थांबली की रक्त यंत्रातून फिरवून साफ करावे लागते, त्याला डायलिसिस म्हणतात. ठरलेल्या दिवशी ते झालेच पाहिजे, नाहीतर अंगात पाणी साठते आणि श्वास कोंडतो. त्यासाठी पार्वतीला म्हापशाच्या इस्पितळात न्यावे लागे, आणि ते काम माझे होते.

तिची मुलगी गौरवी सातवीत होती. आईला दिवसभरात किती पाणी द्यायचे ते तीच मोजून देई. सकाळी आईच्या घोट्यावर अंगठा दाबून बघे. खळगा लगेच भरला तर ठीक. तसाच राहिला तर पाणी साठले असे समजायचे.

एका दुपारी डायलिसिस आटोपून आम्ही म्हापशाहून परत येत होतो. पाण्याची एक जुनी नळी चिरली होती आणि माझ्यातले पाणी थेंबाथेंबाने रस्त्यावर सांडत होते. चढावर आलो तोवर मी कोरडा पडलो होतो. काटा लाल रेषेवर गेला. यशवंतने गाडी कडेला घेतली आणि बोनेट उघडले. आतून वाफ उसळली.

मित्रांनो, तेव्हा फक्त थांबायचे होते. सावलीत बसून गप्पा मारल्या असत्या, मला आपोआप निवू दिले असते, तर बहुधा नळी बदलून काम भागले असते. पण यशवंत उतरला होता तोच हातात कॅन घेऊन.

"बाबा, ह्यां खूप तापलां हा. जरा थांबूया?" गौरवी म्हणाली.

"थांबान काय इंजिन निवता? बघ आता," तो म्हणाला आणि गार पाणी माझ्या तापलेल्या अंगावर ओतले.

'चर्र' असा आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला. पण त्याच क्षणी माझ्या आत एक बारीक चीर गेली, ती कोणाला ऐकू आली नाही.

नळीला चिंधी बांधून, पुन्हा पाणी भरून गाडी कशीबशी घरी पोचली. मागून पांढरा धूर येत होता. इंजिनातले तेल मोजायची काडी काढून पाहिली तर तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसत होते. पाणी तेलात मिसळले होते. यशवंतचा जुना सोबती बाबली, तोही एके काळचा टिप्पर ड्रायव्हर, सुपारी चघळत आला आणि काडी बघून म्हणाला, "झाला. हेड उघडूक लागतला."

"आत्ताच उघडतंय," यशवंत म्हणाला.

पार्वती दारातून म्हणाली, "आवो, उद्या गॅरेजात दाखवा. मी बरी आसंय."

"गॅरेजवालो सोमवारपर्यंत हात लावचो नाय. तुका परवा जावचां हा ना?"

बाबलीने बोनेटवर हात ठेवला आणि चटकन काढला. "अरे, ह्यावर भाकरी भाजशीत! निवांदी तरी. आणि ही व्हॅन असा, टिप्पर नाय. हत्तीचो अंकुश घेवन उंदराच्या मागे लागलंस!"

"गप रे बाबल्या. माका शिकवू नको. दहा वर्सां हीच कामां केलंय."

घरात पान्यांचा एक जुना संच होता, एक हातोडी, एक छिन्नी, आणि पान्याला जोर यावा म्हणून नळाच्या पाइपचा तुकडा. कमी हत्यारांनीही हेड नीट काढता येतो, बरे का. पण मग घाई चालत नाही. आधी इंजिन पूर्ण निवू द्यायचे. बॅटरीची तार सोडायची, उरलेले पाणी काढायचे, नळ्या आणि पट्टा सोडवायचा. मग बोल्ट ढिले करायचे, तेही एकदम नाही. कडेच्या बोल्टांपासून मधल्यांकडे यायचे, एकदा या टोकाचा, एकदा त्या टोकाचा, प्रत्येक थोडा थोडा. भरलेली खाट चौघांनी चारी कोपऱ्यांवरून बरोबर उचलावी, तसे.

यशवंतच्या टिप्परला प्रत्येक सिलिंडरचा हेड वेगळा आणि लहान असे. हा क्रम पाळला नाही तरी तिथे त्याचे कधी फारसे बिघडले नव्हते. त्याने पाइप लावला आणि एका टोकापासून बोल्ट ओळीने पूर्ण सोडत गेला. माझे एक टोक मोकळे झाले, दुसरे आवळलेलेच राहिले, आणि मी अजून गरम होतो. मी वाकलो.

सगळे बोल्ट निघाले तरी मी गास्केटला चिकटून होतो. बाबली म्हणाला, "लाकडाचो ठोकळो घे, चारय बाजूंनी हळू मार. सुटतलो." पण दिवस मावळत आला होता. यशवंतने छिन्नी माझ्या तळाखाली घातली आणि हातोडी मारली. मी सुटलो. माझ्या तळावर खोल खाच पडली.

दुसऱ्या दिवशी बाबली मला गोणपाटात गुंडाळून स्कूटरवरून म्हापशाच्या लेथवाल्याकडे घेऊन गेला. लेथवाल्याने माझ्या तळावर सरळ पट्टी ठेवली आणि पट्टीखालून उजेड दिसला. वाकडेपणा घासून काढता आला असता. मग त्याने चीर पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. बाबलीने मला परत आणून यशवंतच्या ओट्यावर ठेवले.

डायलिसिसचा दिवस आला आणि गेला. यशवंत जुना हेड शोधत भंगारवाल्यांकडे फिरत राहिला आणि "उद्या नक्की नेतंय" म्हणत राहिला. बसथांब्यापर्यंतचा चढ चढायची ताकद पार्वतीत नव्हती. दिवसा गावात दारात उभी असणारी दुसरी चारचाकी एकच होती, कृष्णनाथांची. पार्वतीने एकदा रस्त्यापलीकडे पाहिले. यशवंत म्हणाला, "तेच्या दारात मी जावचंय नाय."

पुढच्या सकाळी गौरवीने आईच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो पडलाच. दुपारी पार्वतीला आडवे होता येईना, बसले तरी श्वास पुरेना. ओठ काळसर दिसू लागले. यशवंतने रुग्णवाहिकेला फोन केला. ती एका अपघाताला गेली होती, यायला वेळ लागणार होता. बाबली "खंयसून तरी गाडी घेवन येतंय" म्हणत स्कूटरवर बसून गेला. यशवंत हातात पाना धरून ओट्यावर उभा होता. त्या पान्याने आता काहीच होणार नव्हते.

गौरवी धावत रस्ता ओलांडून गेली. कृष्णनाथ आपल्या दारातल्या सोप्यावर बसले होते. मी ओट्यावर पडलो होतो, मला सगळे दिसत होते.

"आबा, आईक श्वास घेवक येना नाय. गाडी काढा."

ते ताडकन उठले, आणि मग त्यांचे लक्ष समोरच्या ओट्यावर उभ्या असलेल्या यशवंतकडे गेले. त्यांचा चेहरा घट्ट झाला. "बापसाक धाड. टिप्पर घेवन येवंक त्याका वाट गावली, आता चलत येवंक गावना? त्याणें येवन सांगूं दी."

यशवंतने ते ऐकले. त्याचा एक पाय पायरीवरून खाली आला आणि तिथेच थांबला.

गौरवीने वडिलांकडे पाहिले, मग आबांकडे पाहिले. ती परत आली. आईचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला, कमरेला विळखा घातला आणि तिला घेऊन चालू लागली. रस्त्याच्या मधोमध पार्वतीचे गुडघे दुमडले. गौरवीला ती पेलवेना. ती तिथेच लाल धुळीत बसली आणि तिने आईची पाठ स्वतःच्या छातीशी टेकवली, म्हणजे श्वास सोपा जाईल. तिने कोणालाच हाक मारली नाही.

तेव्हा दोघेही धावले. यशवंतने पाना तसाच मुठीत धरून बायकोला उचलले. कृष्णनाथ चावी आणायला आत गेले आणि अनवाणीच बाहेर आले.

मित्रांनो, मी आता भंगारात जाईन. त्याचे मला दुःख नाही, माझे काम संपले आहे. पण तुमच्या घरात जे यंत्र राबते, त्याची नळी चिरली आहे का, पाणी आहे का, हे वेळच्या वेळी बघा. ते तापले तर त्याच्याजवळ शांत बसा. घाईने वाचवलेली एक खेप केवढ्याला पडते, ते मी पाहिले आहे.

गाडी सुरू झाली. पार्वती मागच्या सीटवर होती, डोळे अर्धवट मिटलेले, श्वास घरघरणारा. ती वेळेवर पोचेल की नाही, हे त्या क्षणी कोणालाच माहीत नव्हते. यशवंत उघड्या दाराशी उभा होता. आत बसावे की नाही, हे त्याला कळत नव्हते.

कृष्णनाथ समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "गौरवी, बापसाक सांग, बसूं दी."

यशवंत जमिनीकडे बघत म्हणाला, "गौरवी, तेंका सांग, मी मागे बसतंय."

गौरवीने कोणाचाच निरोप कोणाला सांगितला नाही. तिने वडिलांच्या हातातला पाना काढून रस्त्यावर टाकला, त्यांना मनगटाला धरून आत ओढले आणि दार लावून घेतले.