काळी पट्टी

कॅसिडीने रडणाऱ्या पोराच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधली, "गप रे, तुझी गाडी येतेच आहे," म्हणाली आणि पुढच्या जखमीकडे धावली.

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक जुनी स्कूलबस आडवी पाडून ठेवली होती. भोवती गावातलीच माणसं विव्हळत पडली होती, कुणाच्या कपाळाला लाल रंग, कुणाच्या पायाला मेणाची जखम. परीक्षा संपल्यावर सगळ्यांना फुकट जेवण होतं, त्यामुळे विव्हळणाऱ्यांचा उत्साह काही विचारू नका. कॅसिडी आणि तिच्या हायस्कूलची मुलं दोन वर्षं दुपारची इथे येऊन ॲम्ब्युलन्सचं काम शिकत होती. आज या खोट्या अपघातावर त्यांची शेवटची परीक्षा.

हॅस्केट सरांनी नियम घोटून घेतला होता. चालता येतं त्याला हिरवी पट्टी, थोडं थांबू शकतो त्याला पिवळी, लगेच हलवायचा त्याला लाल. मान मागे करूनही श्वास येत नाही त्याला काळी, आणि तिथून उठायचं.

"काळीपाशी रेंगाळलात तर तिकडे लालवाला जातो," सर म्हणायचे.

बसच्या मागच्या चाकाशी कॅसिडीची आई, वनीटा, पडली होती.

वनीटाला घराच्या चार पायऱ्या उतरतानाही धाप लागायची. ऑक्सिजनची नळी तिच्या नाकात कायम असायची. आत्ता ती नव्हती. या आईपायीच तर कॅसिडीने परवा सांगून टाकलं होतं, "पास झाले तरी लेक्सिंग्टनला जायची नाही मी. तिथली ॲम्ब्युलन्सवरची नोकरी गेली खड्ड्यात. तुझ्याकडे कोण बघणार?" वनीटा त्यावर नुसती भांडी आपटत राहिली होती.

"आई?"

वनीटाने डोळे उघडले नाहीत. कॅसिडीने तिची मान मागे केली, नाकाशी गाल नेला. श्वास नव्हता. छातीही हलत नव्हती. हसतानाही खोकल्याने बेजार होणारी ही बाई चक्क श्वास रोखून पडली होती.

"आई, सोड ना श्वास," ती कुजबुजली. "अगं, खरंच काहीतरी होईल तुला."

वनीटाचे ओठ आणखी घट्ट मिटले.

बसच्या पलीकडून कुणीतरी ओरडत होतं, "अरे, मला कुणी बघतंय का?" हॅस्केट सर हातात घड्याळ धरून उभे होते. कॅसिडीने आईच्या मनगटाला काळी पट्टी बांधली आणि ती उठली. मागे खोकल्याची जोरदार उबळ ऐकू आली. तिने वळून पाहिलं नाही.

जेवणाच्या रांगेत सरांनी तिला गाठलं.

"पास झालीस. आणि हे बघ, तुझ्या आईला मी मुरगळलेला पाय दिला होता, बसल्या जागी करण्यासारखं काम. पण बाई हट्टालाच पेटली. म्हणे, मला मेलेली करा आणि पोरीच्या वाटेत टाका."

कॅसिडी ताट तिथेच ठेवून आईच्या गाडीकडे पळाली. वनीटा नळी लावून मागे रेलून बसली होती. ओठ अजून निळसर होते.

"अक्कल आहे का तुला? मेली असतीस ना खरंच!"

"ओरडू नकोस, लोक बघतात." वनीटाला एकेका शब्दाला दम घ्यावा लागत होता. "मला वाटलं, उठायचीच नाहीस तू. बसून राहशील माझ्यापाशी."

"नियमच आहे तो."

"हो ना. चांगला आहे नियम."

कॅसिडीला रडू आवरेना. बाहीने डोळे पुसत तिने आईचा हात ओढला आणि पट्टीची गाठ सोडायला लागली. वनीटाने हात काढून घेतला आणि कोटाच्या खिशात घातला.

"असू दे," ती म्हणाली. "तू लेक्सिंग्टनला गेलीस की काढीन."