आजाऱ्याची पेज

निळा... अजून निळाच आहे... काचेच्या नळीच्या तळाशी बुडबुडे धरू लागले होते, आणि चिमट्यात नळी तिरकी धरून, स्पिरिटच्या दिव्याची ज्योत तिला नीट लागते आहे ना हे बघत आनंदी मनातल्या मनात म्हणत होती, राहा रे बाबा, आज तरी निळा राहा, निदान हिरव्यावर तरी थांब. तो थांबला नाही. हिरवा झाला, पिवळा झाला आणि मग तो मेला विटेचा रंग – कालचा, परवाचा, शिमग्याच्याही आधीपासूनचा. तिने नळी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. उजेडातही तो विटेचाच होता.

म्हणजे नवऱ्याच्या लघवीत साखर आहे ती आहेच. भात बंद केला त्याला चार महिने होत आले. साखर बंद, गूळ बंद, केळी, रताळी, फणसाचे गरे, घरातलं सगळं गोड तिने स्वतःच्या हाताने शेजारीपाजारी वाटून टाकलं, चहासुद्धा तोंड वाकडं करून तो माणूस बिनसाखरेचा पितो... आणि साखर येते कुठून? आभाळातून पडते? बाहेर पडवीत हरिश्चंद्र मास्तर आरामखुर्चीत बसले होते, उजवा पाय पुढच्या चौरंगावर, करंगळीजवळच्या बोटाला पांढरी पट्टी. पट्टी तिनेच मघाशी बदलली होती. जखम काल होती तेवढीच ओली होती आणि तिला आता वास येऊ लागला होता. तो वास आपल्याला आला नाही असं तिने दाखवलं, त्यांनीही दाखवलं. गेल्या खेपेस डॉक्टर म्हणाले होते, साखर उतरली नाही तर हे भरायचं नाही, मग घाट चढून कोल्हापूरला न्यावं लागेल – बोट काढायला. बोट काढायला! पायातला काटा काढायचा असावा तसं म्हणाले.

चोरून खातो हा माणूस. दुसरं काय असणार? हा विचार पहिल्यांदा मनात आला तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली होती, पण लाज किती दिवस पुरणार... एकदा तिने त्यांच्या कोटाचे खिसे उलटे करून हुंगले. खडू, तपकीर, जुनी शाळा. शेजारच्या इनासियाला तर तिने कुंपणाशी गाठून सरळ तोंडावर सांगितलं, "ह्यांका काय एक खावक दिव नको हां, सांगान ठेवतंय." इनासिया बघतच राहिली. "देवाशपथ नाय गो आनंदी, मी कित्याक दितलंय?" आणि तेव्हापासून ती विहिरीवर आली की घागर भरते आणि निघून जाते, उभी राहत नाही. राहू दे. राग आला तर आला, माझ्या माणसाचा पाय आहे.

चुलीवर पेज रटरटत होती. उकड्या तांदळाची, दाट, कणी मोडून आलेली. भात सुटल्यापासून सकाळची ही मोठी वाटी आणि संध्याकाळची एक, एवढ्यावर तर तो माणूस उभा होता. तिने मीठ घातलं, चव बघितली, अजून चिमूटभर घातलं. आजाऱ्याच्या तोंडाला चव नसते. बरणीतली मिठात मुरलेली कैरी काढली, निखाऱ्यावर सुका बांगडा भाजला. पेज म्हणजे काही जेवण नव्हे. ताप आला की पेज, बाळंतिणीला पेज, पोराला पहिला घास पेजेचा, मरणाऱ्याच्या ओठाला लावायची तीही पेजच. भात तो भात, आणि पेज ती पेज.

आणि तिला स्वतःला... लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी ती विषमज्वराने पडली होती, माजघराच्या अंधारात, केस गळून डोकं ओकंबोकं झालेलं. सासू दारातूनच म्हणत होती की बायकोच्या अंथरुणाशी असं बसू नये, लोक हसतील – आणि हा माणूस शाळेतून येऊन धोतर न बदलता तिच्या उशाशी बसायचा, फणसाचं पान दुमडून काडीने टाचायचा आणि त्या पानाने पेज तिच्या ओठांशी धरायचा. बोलायचा नाही. शाळेत एवढा बोलणारा माणूस, तिच्याशी तेव्हा धड चार शब्द बोललेला नव्हता. पण ती पेज... मी जगले ती त्या पेजेवर, औषधावर नव्हे, असं ती आजही कुणालाही ठणकावून सांगते.

वाटी त्यांच्या हातात देऊन ती मालवणच्या बाजाराकडे निघाली. लघवी तपासायचं निळं पाणी संपलं होतं, दवाखान्यातून बाटली भरून आणायची होती. डॉक्टर तरुण होते, मास्तरांच्याच हाताखाली शिकलेले, तिला काकी म्हणायचे. विटेचा रंग ऐकून त्यांनी कपाळाला आठी घातली. "काकी, खातात काय ते? दिवसभराचं सगळं सांगा."

तिने सांगितलं. अभिमानाने सांगितलं, कारण डोळ्यांत तेल घालून पाळलेलं पथ्य होतं ते. भाताचं शीत नाही, साखरेचा कण नाही. दोन वेळा फक्त पेज, बरोबर खारातली कैरी, सुका बांगडा...

"पेज?" डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "काकी, पेज म्हणजे तांदूळच. भाताचं पाणी तरी आपण कधी कधी गाळून टाकतो, ही तर सगळी पोटात जाते. आणि खारातली कैरी, सुकी मासळी! त्यांचा रक्तदाब केवढा आहे, मीठ तर अगदी बेताने हवं. ताजी मासळी द्या, पालेभाजी द्या, नाचणीची भाकरी द्या, तीसुद्धा एकच." मग म्हणाले, "पण हे सगळं मी मास्तरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पेजेचं तर मुद्दाम नाव घेऊन. घरात सांगतो म्हणाले."

ती हो म्हणाली. हो, सांगितलं असेल, माझ्याच लक्षात राहिलं नाही, असंही म्हणाली, आणि हे खोटं आपण कुणासाठी बोललो ते तिचं तिलाच कळलं नाही. बाटली घेऊन ती बाहेर आली. परतीच्या वाटेवर माडांच्या मधून समुद्र दिसत होता, बायका मासळीच्या पाट्या घेऊन चालल्या होत्या, कुणीतरी तिला हाकही मारली. म्हणजे मीच. चार महिने, दोन वेळा, मीठ चाखून, निवेल म्हणून ताटलीने वारा घालून... मीच. आणि मी इनासियाच्या तोंडावर... गे बाय माझ्या! पण त्यांना माहीत होतं. रोज सकाळी मी ती नळी तापवायचे तेव्हा तो माणूस पडवीत बसून काय विचार करत होता? मी त्यांचे खिसे हुंगत होते आणि ते माझ्या हातून वाटी घेत होते आणि त्यांना माहीत होतं.

मास्तर होते तिथेच होते. वाटी रिकामी, पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. तिने चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं, आणि खांबाला धरून उभी राहिली.

"पेज बंद म्हणान डॉक्टरांनी तुमका पयल्याच दिवशी सांगलेला?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडे बघतच म्हणाले, "सांगलेला."

"मगे बोललास नाय कित्याक?" तिचा आवाज चढला, शेजारी ऐकू गेला असता, जाऊ दे. "पाय कुसता हा तुमचो! मी देवाक गाऱ्हाणी घालतंय, आणि तुमी..."

"भात गेलो," मास्तर म्हणाले, "गोड गेला. पेज तेवढी रवली होती गो." मग त्यांनी रिकाम्या वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "आणि तू..."

ती वाट बघत राहिली. समोरच्या रस्त्याने एक गाडी गेली, धूळ उडाली, त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुपारी तिने कैरीची बरणी उचलून परसात रिती केली. संध्याकाळी नाचणीची एक भाकरी थापली, माठाची भाजी केली, मीठ जेमतेम, आणि नदीतल्या ताज्या माशांचं पातळ सार. ते जेवले. बेचव आहे असं म्हणाले नाहीत. भाकरीचा शेवटचा तुकडा त्यांनी उगाच बराच वेळ चावला, पुढे अजून काही यायचं असल्यासारखा. तिचा हात सवयीने पेजेच्या भांड्याकडे गेला आणि तिथे काहीच नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाला वाढायला आपल्याकडे काही नाही, असं पहिल्यांदाच होत होतं, आणि न वाढणं हेच आता आपलं करणं, हे तिला कळत होतं आणि ते फार अवघड वाटत होतं.

आणि तू... आणि तू काय? तू एवढ्या मायेने द्यायचीस, मला नको म्हणवेना – असं? की, आणि तू मूर्ख, तुला काही कळलं नाही? पहिलं असेल तर त्यांचा पाय मीच खाल्ला. दुसरं असेल तर माझ्या हातचं घेताना ते मला फसवत होते. कदाचित दोन्ही. कदाचित भूक लागली होती एवढंच, आणि भूक लागलेल्या माणसाने बायकोचं नाव मध्ये घेतलं.

ते हात धुऊन आले आणि खुर्चीशी थबकले, तिच्याकडे वळून काहीतरी बोलायच्या बेतात. "गो..." म्हणाले.

"पट्टी बदलूक होयी," ती घाईने म्हणाली, आणि खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला.

महिनाभर ती देवाकडे त्या बोटासाठी पदर पसरत होती. आताही पसरलाच होता. पण पट्टीची गाठ सोडता सोडता, मान वर न करता, ती मागत होती ते एवढंच – यांनी ते वाक्य पुरं करू नये.