शाईखालचा चेहरा

सैनिकी साहसकथांच्या त्या जुन्या चित्रमालिकेतील मुखवटाधारी नायकाचे पूर्वायुष्य आता वाचकांपुढे आणावे, असा संपादकांनी धोशा लावला होता. वृद्ध चित्रकार मात्र चिंतेत पडला. प्रत्येक चित्रात तो आधी पेन्सिलीने रणांगणावरून न परतलेल्या थोरल्या भावाचा चेहरा रेखाटी आणि मगच त्यावर शाईचा मुखवटा चढवी. वहिनींच्या संमतीवाचून तो चेहरा उघड करणे त्याच्या जिवावर आले.

त्याने दिलेले कच्चे चित्र वहिनींनी डोळ्यांजवळ धरले.

"वा भावोजी! मी म्हातारी झाले आणि हे अजून पंचविशीतच? दाखवा लोकांना. पण आधी माझ्या जोडीचे करा."

चित्रकाराने पेन्सिल उचलली आणि भावाच्या कपाळावर पहिली सुरकुती ओढली.